हुनर कुणाचा, नाव कुणाचे?

ही गोष्ट १९९६-९७ च्या सुमाराची आहे. आम्ही तेव्हा वडिलांच्या पेढीवर नुकतेच बसू लागलो होतो. आमच्या मोहल्ल्यात यंत्रमाग दुरुस्त करणारे एक वयस्कर मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. साडीच्या किनारीचे धागे सैल पडून वारंवार तुटत आणि माग बंद करावा लागे. चाचांनी सायकलचे स्पोक, एक स्प्रिंग आणि पत्र्याची पट्टी यांपासून अशी जोडणी केली की, किनारीचे धागे एकसारखे ताणलेले राहत. विणकर खूश झाले. चाचांनी ज्याने विचारले त्याला ती दाखवली. सहा महिन्यांत बाहेरगावच्या एका कारखानदाराने तीच जोडणी आपल्या नावाची पट्टी लावून बाजारात आणली. आम्हीही ती तेथूनच घेतली, कारण दोन पैसे स्वस्त पडत होती. चाचांना एक रुपयाही मिळाला नाही. त्यानंतर त्यांनी कुणाला काही दाखवणे बंद केले. काम करताना ते पडदा लावून घेत. त्यांचा इंतकाल झाला तेव्हा त्यांचा बराचसा हुनर त्यांच्याबरोबरच गेला.

नुकसान एकट्या चाचांचे झाले नाही. त्यांच्या हातून पुढे जे निघाले असते, ते आम्हा व्यापाऱ्यांना आणि विणकरांनाही मिळाले नाही. म्हणूनच हुनर वाटावाही आणि हुनरमंदाचा हक्कही बुडू नये, अशी काही तोड आहे काय, हा प्रश्न आम्हाला नेहमी पडतो. या प्रश्नावर आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या प्राध्यापकांनी तीस-पस्तीस वर्षे काम केले आहे. त्याची माहिती आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना व्हावी, एवढ्यासाठी हा लेख.

प्राध्यापकांना पडलेला प्रश्न

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत, म्हणजे आयआयएममध्ये, प्रा. अनिल गुप्ता १९८१ पासून शिकवत होते. १९८५-८६ मध्ये ते बांगलादेशात गेले आणि तेथील शेती संशोधकांबरोबर त्यांनी काम केले. तेथील शेतकरी स्वतःच्या अकलेने काय काय तोडगे काढतात, हे त्यांनी जवळून पाहिले. त्यावर लेख लिहिले, त्यांना मानही मिळाला. पण मग त्यांच्या मनात आले की, ही माहिती ज्यांच्याकडून घेतली त्यांना आपण काय दिले? लेख इंग्रजीत, छापला गेला परदेशात. ज्याचे ज्ञान, त्याला तो वाचताही येणार नाही. त्याचे नावही त्यात नाही. मग गरिबाचे धान्य उचलणाऱ्या सावकारात आणि आपल्यात फरक काय राहिला?

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. इंग्रजी कागद समोर आला की आजही आम्हाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. त्यामुळे या प्रश्नाचे मोल आम्हाला चांगलेच कळते.

या विचारातून १९८८-८९ च्या सुमारास ‘हनी बी नेटवर्क’ म्हणजे मधमाशीचे जाळे सुरू झाले. मधमाशी फुलातून रस घेते, पण फूल गरीब होत नाही. उलट एका फुलाचा पराग ती दुसऱ्याला नेऊन देते. त्याच चालीवर या कामाचे नियम ठरले. माहिती देणाऱ्याचे नाव माहितीबरोबर राहील. जी माहिती लोकांकडून घेतली ती लोकांना त्यांच्या भाषेत परत दिली जाईल. आणि तिच्यातून नफा झाला तर मूळ माणसाचा वाटा त्याला पोहोचेल. याच नावाची पत्रिका इंग्रजीबरोबर हिंदी, गुजराती, तामीळ अशा भाषांतूनही निघू लागली.

पायी फिरून गोळा केलेले ज्ञान

१९९३ मध्ये या कामासाठी ‘सृष्टी’ ही संस्था निघाली. १९९७ मध्ये गुजरातेत ‘ज्ञान’ नावाची संस्था स्थापन झाली. कारागिराने शोधलेली वस्तू बाजारापर्यंत नेणे हे तिचे काम. १९९८ पासून ‘शोधयात्रा’ सुरू झाल्या. प्राध्यापक, विद्यार्थी, शेतकरी आणि कारागीर वर्षातून दोनदा गावोगाव पायी फिरतात. उन्हाळ्यात उष्ण प्रदेशात जातात आणि हिवाळ्यात थंड प्रदेशात. गावात कुणी काही नवे केले असेल तर चारचौघांत त्याचा सत्कार करतात आणि दुसऱ्या गावचे तोडगे त्या गावाला सांगतात. ज्याला शेजारी वेडा समजत, त्याच्या दारात प्राध्यापक येऊन बसतात. त्याने त्या माणसाची किंमत गावातच वाढते.

२००० मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने ‘राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान’ उभे राहिले. त्याचे पहिले अध्यक्ष म्हणजे आपले डॉ. रघुनाथ माशेलकर. देशभरातून तीन लाखांवर कल्पना आणि पारंपरिक तोडगे या प्रतिष्ठानाकडे नोंदले गेले आहेत.

आईच्या खांद्यासाठी केलेले यंत्र

आमच्या धंद्याला लागून असलेले एक उदाहरण देतो. तेलंगणातील पोचमपल्लीचे इकत कापड सर्वांना माहीत आहे. त्यात सूत विणण्याआधीच बांधून रंगवतात. त्यासाठी बाण्याचा धागा आधी खुंट्यांवर ताणून बसवावा लागतो. एका बाजूला एक खुंटी, समोर अर्धगोलात खुंट्यांची रांग आणि हाताने धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा फिरवायचा. याला ‘आसू’ म्हणतात. हे काम बहुधा घरातील स्त्रिया करतात. एका साडीसाठी हात सुमारे ९,००० वेळा फिरवावा लागतो आणि चार ते पाच तास जातात. दिवसाला दोन साड्यांचे काम म्हणजे १८,००० वेळा. खांदे आणि डोळे दोन्ही निकामी होतात.

चिंतकिंदी मल्लेशम हे त्याच भागातील विणकराचे पुत्र. शाळा सहावीनंतर सुटली. आईचा दुखरा खांदा पाहून त्यांनी १९९२ मध्ये आसूचे यंत्र करायला घेतले. पैसा संपला, लोकांनी हसे केले, काम मध्येच थांबले. हैदराबादला मजुरी करताना दुसऱ्याच एका कारखान्यातील यंत्राची हालचाल पाहून त्यांची अडलेली गाठ सुटली. १९९९ मध्ये यंत्र पुरे झाले. त्याला त्यांनी आईचे, लक्ष्मीचे, नाव दिले. चार-पाच तासांचे काम दीड तासावर आले.

मधमाशीच्या जाळ्यातील हैदराबादच्या ‘पल्ले सृजना’ या संस्थेने त्यांना शोधून काढले. पेटंटच्या कामात राष्ट्रीय प्रतिष्ठानाने मदत केली. पुढे यंत्रात सुधारणा होत गेल्या आणि शेकडो यंत्रे विणकरांच्या घरी पोहोचली. २०१७ मध्ये मल्लेशम यांना पद्मश्री मिळाली.

यात प्राध्यापकांनी यंत्र बनवले नाही, ते विणकराच्या मुलाने बनवले. त्याचे नाव यंत्राबरोबर टिकले पाहिजे आणि त्याला पैसा मिळाला पाहिजे, एवढी व्यवस्था त्या जाळ्याने केली. आमच्या चाचांना नेमके हेच मिळाले नव्हते.

दुसरे उदाहरण वांकानेरचे कुंभार मनसुखभाई प्रजापती यांचे. मातीचे तवे हाताने घडवण्याऐवजी दाबयंत्रावर काढण्याची युक्ती त्यांनी आधीच केली होती. २००१ च्या भूकंपानंतर वर्तमानपत्रात फुटलेल्या माठांचे छायाचित्र आले आणि त्याखाली गरिबाचा फ्रीज मोडल्याचे लिहिले होते. ते वाचून त्यांनी मातीचा खराखुरा फ्रीज करायचे ठरवले. वरच्या टाकीतील पाणी मातीच्या भिंतीत झिरपते, सुकताना आतला कप्पा थंड करते, वीज लागत नाही. २००५ मध्ये हा ‘मिट्टीकूल’ बाजारात आला. ‘ज्ञान’ संस्थेचे पाठबळ त्यांना मिळाले.

विद्यार्थ्यांची कामे

याच विचाराचा दुसरा भाग इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांचा आहे. शेवटच्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रकल्प करावा लागतो. बहुतेक ठिकाणी जुनेच प्रकल्प उतरवून गुण घेतले जातात. ‘सृष्टी’ने देशभरच्या एक लाखाहून अधिक विद्यार्थी-प्रकल्पांची माहिती ‘टेकपीडिया’ नावाने एकत्र केली. झालेले काम पुन्हा होऊ नये आणि अर्धे राहिलेले कुणीतरी पुढे न्यावे, हा हेतू. २००७ मध्ये स्थापन झालेल्या गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीने आपल्या विद्यार्थ्यांना जवळच्या छोट्या कारखान्यांत पाठवून तेथील खरी अडचण प्रकल्पासाठी घ्यायला सांगितले.

आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे एक स्वतंत्र केंद्र आहे. त्याच्या कामातूनच पुढे महाराष्ट्र शासनाचे ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ निघाले. महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासाला घ्यावेत, हा त्याचा गाभा. म्हणजे दार उघडे आहे. पण आपण व्यापारी ते ठोठावत नाही. विद्यार्थी आला की ‘वेळ नाही’ म्हणून परत पाठवतो.

या सर्व कामांचा जमाखर्चही सांगितला पाहिजे. नोंदलेल्या लाखो कल्पनांपैकी फार थोड्या बाजारापर्यंत पोहोचतात. वहीत नोंद झाली म्हणजे माल खपला असे होत नाही. प्राध्यापकाला गिऱ्हाईक माहीत नसते, कारागिराजवळ भांडवल नसते. ती जागा व्यापाऱ्याची आहे. पण व्यापाऱ्याने तेथे वाटेकरी म्हणून यावे, उचलेगिरी करायला येऊ नये.

वाटायचे की लपवायचे?

येथे प्रा. गुप्ता यांनी मांडलेला एक विचार आम्हाला फार पटतो. एका कारागिराने दुसऱ्याचे पाहून स्वतःच्या कामापुरते करून घेतले तर त्याला मोकळीक असावी, नव्हे उत्तेजन असावे. पण एखाद्या कंपनीने ते बनवून विकायचे ठरवले तर तिने परवाना घ्यावा आणि मोबदला द्यावा. चाचांची जोडणी शेजारच्या विणकराने करून घेतली, यात गैर काही नव्हते. चाचा तर ती खुशीने दाखवत होते. गैर झाले ते कारखानदाराने नाव पुसून विकली तेव्हा, आणि आम्ही जाणूनबुजून ती घेतली तेव्हा. दाखवलेला हुनर ही अमानत असते. ती आम्ही सांभाळली नाही.

कारागिराने काय करावे?

कायद्यातील काही गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात.

१. पेटंट नव्या वस्तूला किंवा नव्या रीतीला मिळते. वस्तू आधीच बाजारात आली किंवा सर्वांना दाखवली तर तिचे नवेपण जाते. म्हणून आधी अर्ज, मग प्रदर्शन.

२. काम पूर्ण झाले नसले तरी तात्पुरता अर्ज करून तारीख पक्की करता येते. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यावा लागतो. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. एकट्या व्यक्तीला सरकारी फी मोठ्या कंपनीपेक्षा बरीच कमी लागते. महाराष्ट्रासाठी पेटंट कार्यालय मुंबईत अँटॉप हिल येथे आहे.

३. नक्षी, आकार यांसाठी डिझाइनची वेगळी नोंदणी होते. ती १० वर्षांची असून पुढे ५ वर्षे वाढवता येते.

४. बापजाद्यांपासून चालत आलेल्या कसबाला पेटंट मिळत नाही. त्यासाठी भौगोलिक मानांकन आहे. ते एकट्याचे नसून त्या भागातील सर्व उत्पादकांचे असते. सोलापुरी चादर आणि पैठणी यांना ते मिळालेले आहे.

५. महाविद्यालयाची किंवा विद्यार्थ्यांची मदत घेताना हक्क कुणाचा आणि वाटा किती, हे आधीच कागदावर लिहून घ्यावे. मागाहून बोलण्यात मैत्री तुटते.

व्यापाऱ्यांनी काय करावे?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गावच्या व्यापारी संघटनेने एक वही ठेवावी. मिस्त्री, विणकर, रंगारी यांपैकी कुणी काही नवे केले तर त्याचे नाव आणि तारीख दोन साक्षीदारांसमोर त्यात लिहावी. मात्र जोडणीची आतली रीत कारागिराचा अर्ज होईपर्यंत तिच्यात लिहू नये. ही वही म्हणजे पेटंट नव्हे, पण ‘हे मूळ कुणाचे’ हा वाद निघाला तर ती कामास येईल. दरवर्षी जवळच्या इंजिनिअरिंग महाविद्यालयाच्या प्रमुखांना बोलावून आपल्या धंद्यातील पाच अडचणी लिहून द्याव्यात. विद्यार्थी आला तर त्याला मागाजवळ उभे राहू द्यावे, मुकादमाशी बोलू द्यावे. त्यातून एक अडचण सुटली तरी पुष्कळ. आणि कुणाची युक्ती आपल्या मालात वापरली तर नगास चार आणे का होईना, त्याच्या नावे बाजूला काढावेत.

चाचांचा मुलगा आता एका कारखान्यात मजुरी करतो. त्या पत्र्याच्या पट्टीची जोडणी आजही काही जुन्या मागांवर दिसते, कारखानदाराच्या नावाची. आम्ही आमच्या पेढीच्या वहीत पहिली नोंद चाचांच्या नावाने केली आहे. ती पंचवीस वर्षे उशिरा झाली. दुसरी नोंद वेळेवर व्हावी, एवढीच इच्छा आहे.