सल्लागाराची कुंडली काढलीत का?

परवा नायगावात शेजारच्या काकांनी मोबाईल पुढे केला. "बघ रे, हा रिटायरमेंटचे पैसे गुंतवायला सांगतोय. सेबी रजिस्टर्ड आहे म्हणे."

म्हटलं, नंबर मागा.

गुंतवणूक सल्लागाराचा सेबी नोंदणी क्रमांक 'आयएनए'ने सुरू होतो. एआरएनवाला म्हणजे म्युच्युअल फंडाचा वितरक. काकांना मिळालेला नंबर खरा होता, पण दुसऱ्याच कंपनीचा!

म्हणून सेबीच्या वेबसाइटवर नंबर, नाव आणि पत्ता तिन्ही जुळवा. मग 'एन्फोर्समेंट'खाली 'ऑर्डर्स'मध्ये त्याचं, कंपनीचं, भागीदारांचं नाव टाका. दंड, बंदी, रद्द झालेली नोंदणी तिथे सापडते. आडनावाची स्पेलिंगं बदलून पाहा, मी एकदा तिथेच फसलो होतो.

सेबीच्या 2013च्या नियमांनुसार सल्लागाराने स्वतःवरच्या कारवाईचा इतिहास ग्राहकाला आधी सांगायचा असतो. लेखी मागा, लाजू नका.

जानेवारी 2025मध्ये दादरला टोरेस या दागिन्यांच्या कंपनीच्या शोरूमबाहेर पैसे अडकलेल्या गुंतवणूकदारांची गर्दी आठवतेय ना? तिथे दर आठवड्याला परताव्याचं आमिष होतं. सेबीच्या सल्लागाराला परताव्याची हमी देताच येत नाही.

कुठे अडलात तर कमेंटमध्ये विचारा. फक्त स्वतःचा पॅन, फोलिओ नंबर टाकू नका.