सोन्याच्या तोंडाचे जॉन

चर्चमध्ये प्रवचन चालू असताना लोक टाळ्या वाजवतात, असं कधी ऐकलंय? सोळाशे वर्षांपूर्वी अँटिओक शहरात असं घडायचं. (आज हे शहर तुर्कस्तानात आहे.) प्रवचन करायचे जॉन. टाळ्या नकोत, ऐकलं तसं वागा, असं ते बजावत. लोक त्यावरही टाळ्या वाजवत! गर्दीत पाकीटमार शिरत, म्हणून पैशाच्या थैल्या घरी ठेवून या, हेही त्यांनाच सांगावं लागे.

जॉन लहान असतानाच वडील वारले. आई अंथूसाने त्यांना शिकवलं. तरुणपणी ते डोंगरातल्या गुहेत राहिले. तिथल्या उपासतापासाने पोट बिघडलं ते कायमचंच. इ. स. ३८६ मध्ये ते धर्मगुरू झाले.

पुढच्याच वर्षी नवा कर बसला. लोक खवळले. त्यांनी सम्राट थिओडोसिअस आणि त्याच्या घरच्यांचे पुतळे पाडून रस्त्यातून फरफटत नेले. त्या काळी पुतळ्याचा अपमान म्हणजे साक्षात सम्राटाचा अपमान! धरपकड झाली, काहींना ठार मारलं. आता सगळं शहरच बेचिराख होणार, या भीतीने बरेच जण डोंगरात पळाले. म्हातारे बिशप फ्लेव्हिअन माफी मागायला शेकडो मैलांवरच्या राजधानीला निघाले.

मागे राहिलेल्यांना धीर दिला जॉन यांनी. उपवासाचे दिवस होते. नुसतं पोट उपाशी ठेवून काय उपयोग, डोळ्यांनी, कानांनी, जिभेनेही उपास करा, असं ते सांगत. ऊठसूट शपथा घेण्याची सवय सोडा, हा धोशा तर रोजचाच. ईस्टरपर्यंत बिशप माफी घेऊन परतले. शहर वाचलं!

मात्र ज्यू लोकांविरुद्धही जॉन यांनी फार कडवट प्रवचनं केली. मला ती मुळीच पटत नाहीत. पुढे ज्यूंच्या छळासाठी त्यांचा आधारही घेतला गेला.

३९८ मध्ये ते राजधानी कॉन्स्टँटिनोपलचे मुख्य बिशप झाले. आल्या आल्या त्यांनी बिशपच्या वाड्यातला थाटमाट बंद केला आणि तो पैसा दवाखान्यांकडे वळवला. तिथल्या श्रीमंतांच्या घरी शौचाची भांडीसुद्धा चांदीची! दारात माणूस उपाशी, अन् तुमचं हे काय, असं ते भर चर्चमध्ये विचारत. साहजिकच शत्रू वाढले. सम्राज्ञी युडोक्सियाही चिडली. ४०४ मध्ये त्यांना दूर आर्मेनियाच्या डोंगरात हद्दपार केलं. तिथून त्यांनी मित्रांना भराभर पत्रं लिहिली. ४०७ मध्ये त्यांना आणखी दूर नेत असताना वाटेतच त्यांचा अंत झाला.

‘क्रिसोस्टम’, म्हणजे ग्रीक भाषेत ‘सोन्याच्या तोंडाचा’, हे नाव त्यांना लोकांनी नंतर दिलं. ४३८ मध्ये त्यांच्या अस्थी राजधानीत आणल्या. तेव्हा गादीवर होता युडोक्सियाचाच मुलगा. त्याने शवपेटीवर डोकं टेकून आपल्या आईवडिलांसाठी क्षमा मागितली.