गुंठ्याला पंच्याऐंशी रुपये

दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्रांत एक बातमी हटकून असते: अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांना अमुक कोटींची भरपाई. २०२५ च्या ऑक्टोबरात तर राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. शहरातला गृहस्थ तो आकडा वाचतो, आणि चला, बिचाऱ्यांचे नुकसान भरून निघाले, असे म्हणून पान उलटतो. पण वाचकहो, हाच आकडा कोटींवरून गुंठ्यावर उतरवून पाहिला तर? त्यासाठी अकोले तालुक्यातल्या राजूरला जायला हवे. संगमनेरवरून भंडारदऱ्याला सहलीला जाताना तुम्ही हे गाव पाहिले असेल. इथले पेढेही घेतले असतील.

राजूरच्या पश्चिमेला डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर मंडळींची शेती आहे. खाचरात भात, उतारावर नागली नि वरई. पाऊस इथे पाहुणा नव्हे, घरचाच. अतिवृष्टीचे सरकारी माप चोवीस तासांत ६५ मिलिमीटर. घाटघर-रतनवाडीकडे आषाढात तेवढा पाऊस झाला तर कोणी मान वर करूनही पाहत नाही. भाताचे वैर आहे ते कापणीच्या वेळच्या पावसाशी. कापलेला भात खाचरात पसरलेला असावा आणि दोन दिवस नुसती रिपरिप लागावी, की लोंबीतच दाण्याला मोड येतात. हा पाऊस मापात बसत नाही, पण वर्षाचे धान्य घेऊन जातो. २०२३ मध्ये सरकारने ‘सततचा पाऊस’ हीही आपत्ती मानली, हे बरे केले.

मग पंचनामा. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतात. या तिघांच्याही हुद्द्यांची नावे अलीकडे बदलली आहेत, पण लोकांच्या तोंडी अजून ‘भाऊसाहेब’च! पीक निदान ३३ टक्के गेलेले हवे. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती.

आता हिशेब. २०२२ मध्ये ठरलेल्या केंद्राच्या दराने जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये. म्हणजे गुंठ्याला साधारण पंच्याऐंशी. वीस गुंठ्यांच्या धन्याला १,७०० रुपये! सातबारा सामायिक असला तर आधी भावाबहिणींची संमती गोळा करायची, ती धावपळ वेगळीच. २०२५ च्या पॅकेजात हेक्टरी १०,००० रुपये जादा देण्याचे ठरले; ते धरूनही वीस गुंठ्यांना ३,७०० च्या आसपासच होतात.

यात कोणी मधल्यामध्ये पैसे खाल्ले असे नाही. नियमाची भाषाच निराळी आहे. पिकासाठीच्या या रकमेचे कागदोपत्री नाव ‘कृषी निविष्ठा अनुदान’, म्हणजे पुढच्या पेरणीच्या बी-खताला हातभार. गेलेल्या पिकाची किंमत देण्याचे वचन त्यात नाहीच. ‘भरपाई’ हा शब्द आपला, बातम्यांतला. इंग्रजी अमदानीत १८८४ च्या कायद्याने तगाई मिळे, ती तर कर्जाऊ; फेडावी लागे. त्या मानाने आजची मदत पुष्कळच बरी. पण तिला भरपाई म्हटले, की पुढचा प्रश्न विचारायचे आपण विसरतो.

जनावरांचा हिशेब थोडा उदार आहे. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. या जनावरांच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे मुसळधार पावसातही ती टिकाव धरतात. याच दरपत्रकात दुभत्या गाईचे ३७,५०० आणि ओढकाम करणाऱ्या बैलाचे ३२,००० रुपये आहेत. मात्र मेलेले जनावर दाखवावे लागते, पशुवैद्याचा दाखला लागतो. ओढ्याच्या लोंढ्यात वाहून गेलेला बैल दाखवायचा कुठून?

सारे कागद जुळले, की रक्कम थेट बँकेच्या खात्यात. तत्पूर्वी सेवा केंद्रात जाऊन आधारची ओळख पटवायची, यंत्रावर बोट टेकवायचे. जन्मभर चिखलात भात लावून ज्या म्हातारीच्या बोटांच्या रेषा झिजल्या, तिला यंत्र सहजी ओळखत नाही. केंद्रातला पोरगा म्हणतो, “आज्जे, हात पुसून पुन्हा ठेव.” ती लुगड्याच्या पदराला बोट पुसते, आणि पुन्हा टेकवते.