कडधान्यातील भुंगेरा आणि रोशाचे तेल

बुलडाणा जिल्ह्यात जानेवारीच्या सुमारास तूर येते, त्यामागून हरभरा. खामगाव, मलकापूर, चिखलीचे लहान व्यापारी भाव सुधारेल या आशेने चार महिने माल ठेवतात, आणि नेमक्या त्याच उकाड्यात भुंगेरा वाढतो. बऱ्याचदा त्याची लागण शेतातूनच आलेली असते. मादी दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवते, ती पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. अळी आत शिरते व दाणा पोखरते. महिनाभरात नवी पिढी बाहेर पडते. गोल भोक दिसले म्हणजे नुकसान होऊन गेले असे समजावे.

पूर्वी धान्याच्या डब्यात ईडीबीची काचेची नळी फोडून ठेवीत. तिच्यावर २००१ साली बंदी आली. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा वापर सरकारी संस्था व जाणकार कीडनियंत्रकांपुरता मर्यादित आहे, आणि तो योग्यच आहे. तिचा वायू किडीइतकाच माणसालाही मारतो. आपल्यापैकी अनेकांचे दुकान पुढे आणि बिऱ्हाड मागे असते. तिथे ही गोळी ठेवणे म्हणजे लेकराबाळांच्या जिवाशी खेळ होय.

मग वनस्पतींच्या तेलांनी काम भागते का? काही प्रमाणात भागते. मात्र तेले दोन प्रकारची असतात, हे आधी ध्यानात घ्यावे. एरंडेल, करडई, निंबोळीचे तेल दाण्याला चोळले की अंड्याचा श्वास कोंडतो. किलोला ५ मि.ली., म्हणजे क्विंटलला अर्धा लिटर पुरते. लवंग, निलगिरी, गवती चहा यांची तेले उडणारी आहेत. त्यांची वाफ कीड मारते किंवा पळवून लावते.

या दुसऱ्या जातीत आपल्या मुलखाशी नाते असलेले तेल रोशा गवताचे. सातपुड्यात आणि खानदेशात हे गवत पूर्वीपासून उगवते. एकोणिसाव्या शतकात त्याचे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानला जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई! त्यातील मुख्य द्रव्य जिरॅनिऑल. बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी साठवलेल्या गहू व हरभऱ्यावर या तेलाची धुरी देऊन पाहिली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात धान्याचे संरक्षण झाल्याचे दिसून आले.

तरीही आम्ही हात राखूनच सांगतो. वाफ बंद भांड्यातच टिकते. शेकडो पोत्यांच्या उघड्या गोदामात तेल शिंपडणे म्हणजे पैसे हवेत उडवणे. दाण्याच्या आत बसलेली अळी अनेकदा वाचते व पुढे भुंगेरा होऊन निघते, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा पाहणी करावी. माल आधी कडक उन्हात वाळवलेला असावा. ओल्या धान्याला कोणतेही तेल वाचवत नाही. वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून कापसाचा बोळा तेलात भिजवून कोठीत वरच्या बाजूला, दाण्याला तेल लागणार नाही असा ठेवावा. बियाणे असेल तर आधी शंभर दाणे उगवून पाहावेत. काही तेले कोंब मारतात.

इथे पत्रेकाम करणाऱ्या कारागिरांना संधी आहे. झाकण सैल असेल तर सगळी मेहनत वाया जाते. सांध्यांना नीट डाख, लहान तोंड, झाकणाला रबरी पट्टी, अशी कोठी जो देईल त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येईल.

विकताना वासाचे काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. तेलाचा वास लागलेला हरभरा उघड सांगूनच विकावा, आणि भोके पडलेला माल चांगल्यात मिसळू नये.

अत्तर व तेलाच्या व्यापाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाटलीवर ‘कीडनाशक’ लिहून विकायचे असेल तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे आधी केंद्रीय नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर तेल तेल म्हणूनच विकावे, आणि बाटली दिव्या-चुलीपासून दूर ठेवावी, कारण ते पेट घेते.