डिस्कची जोडणी : पालटलेली लिपी, टिकलेली भाषा

संगणक आणि हार्ड डिस्क यांच्यामधील जोडणी म्हणजे केवळ केबल व तिची टोके, असा समज रूढ आहे. वस्तुतः या इंटरफेसाचे थर दोन. संकेत कोणत्या तारांतून कसे वाहावेत हा पहिला. त्या संकेतांनी कोणत्या आज्ञा कळवाव्यात हा दुसरा. भाषाभ्यासकास येथे लिपी व भाषा यांतील भेद आठवेल. मोडी मागे पडून बाळबोध रूढ झाली, तरी मराठी मराठीच राहिली.

जुन्या एटीए पद्धतीत सोळा बिट सोळा तारांतून एकाच वेळी जात. वेग वाढू लागला तसतसे ते एकाच क्षणी पोहोचेनासे झाले, शेजारच्या तारांचे संकेतही परस्परांत मिसळू लागले. म्हणून ४० तारांच्या पट्टीत आणखी ४० भूतारा घालण्यात आल्या. तरीही सेकंदास १३३ मेगाबाइटांपलीकडे ती पद्धत गेली नाही. २००३ मधील साटाने उलट वाट धरली. बिट एकामागून एक जाऊ लागले, जाण्यास तारांची एक जोडी व येण्यास दुसरी. जोडीतील दोन तारांवर परस्परविरुद्ध संकेत असतात. बाहेरचा उपद्रव दोहोंवर सारखाच होतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. आरंभीचा वेग १५० मेगाबाइट होता, २००९ मध्ये तो ६०० झाला. आज्ञा मात्र एटीएच्याच राहिल्या.

यूएसबीची गोष्ट निराळी आहे. तिच्यावरून डिस्कशी होणारे बोलणे १९८६ साली प्रमाणित झालेल्या स्कझीच्या आज्ञांत चालते. साटा डिस्क यूएसबीच्या डबीत घातली की नुसते लिप्यंतर पुरत नाही, भाषांतर करावे लागते. डबीतील चिप हा दुभाष्या होय, आणि सर्वच दुभाषे सारखे नसतात. वाचणे-लिहिणे बहुतेकांना जमते. परंतु डिस्क स्वतःच्या प्रकृतीचा जो ‘स्मार्ट’ वृत्तांत ठेवते, निकामी सेक्टर किती बदलले याची जी नोंद करते, तिची विचारणा काही चिपा पलीकडे पोचवीतच नाहीत. मग खंगत चाललेली डिस्क धडधाकट भासते.

बोलींची ध्वनिमुद्रणे अशा जुन्या डिस्कांवर पडून असतील, आणि त्यांतील काही वक्ते आज हयात नसतील, तर ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. अशी डिस्क शक्यतो संगणकाच्या साटा जोडणीसच थेट लावावी, वृत्तांत आधी पाहावा, आणि निकामी सेक्टर आढळल्यास चाळत न बसता प्रथम संपूर्ण प्रत काढून घ्यावी.