डब्यातला टोमॅटो

घरापुढे अंगण नसले तरी टोमॅटो लावता येतो. गच्चीवर किंवा गॅलरीत चांगले ऊन येत असेल, तर तेलाचा १५ किलोचा रिकामा डबाही पुरतो. त्याच्या तळाला चार-पाच भोके पाडायची, माती व शेणखत भरायचे आणि रोप लावायचे. एवढे काम सोपे आहे. खरी परीक्षा पाणी देण्यात असते.

शेतातल्या झाडाची मुळे पाण्याच्या शोधात खोल जातात. डब्यातल्या झाडाला तेवढी जागा कुठून मिळणार? शिवाय पत्रा उन्हाने तापतो आणि माती लवकर सुकते.

पाणी केव्हा द्यावे, हे कसे ओळखाल? मातीत बोट दोन पेरांपर्यंत खुपसा. आत माती कोरडी लागली तरच पाणी द्या. ते सकाळी द्या आणि तळाच्या भोकांतून थोडे बाहेर येईपर्यंत हळूहळू द्या. घाईने ओतलेले पाणी सुकलेल्या मातीच्या कडेने निघून जाते. मुळे तहानलेलीच राहतात. पाणी बुंध्याशी घाला, कारण ओल्या पानांवर करपा रोग लवकर पसरतो.

दुपारी पाने मलूल दिसली की आपण लगेच तांब्या उचलतो. आधी बोटाने माती पाहा. ती ओली असेल, तर बहुधा संध्याकाळी पाने आपोआप ताठ होतात. माती सतत चिखलासारखी राहिली, तर मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. गंमत अशी, की तेव्हाही पाने मलूलच दिसतात!

कधी कधी टोमॅटोच्या बुडाशी काळा, खोलगट डाग पडतो. कीड लागली असे समजून लोक औषध फवारतात. ते पैसे वाया जातात. फळाला कॅल्शियम लागते आणि ते पाण्याबरोबर मुळांतून वर चढते. दोन दिवस माती कोरडी आणि तिसऱ्या दिवशी डबाभर पाणी, असे वारंवार झाले की फळाला कॅल्शियम कमी पडते. डागाळलेले फळ काढून टाका आणि पाणी नियमित द्या. पुढची फळे चांगली येतात.

नळाला दिवसाआड पाणी येत असेल तर? तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी त्याच दिवशी झाडाला घाला. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. खाली घमेले ठेवले तर तेही उपयोगी पडते. साबणाचे किंवा मिठाचे पाणी मात्र घालू नका. मातीवर वाळलेल्या पाल्याचा दोन बोटे जाड थर पसरला, तर ओल आणखी टिकते.