मित्राच्या कर्जाला सही
तरुणांची पत : लेखांक 7

क्रेडिट कार्डाच्या बिलावर छापलेल्या 'किमान देय रकमे'बद्दल या आठवड्यात लिहायचे ठरले होते. तो विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. बांबवड्याजवळच्या एका गावातून पत्र आले आहे आणि त्याचे उत्तर थांबवून चालणार नाही. लिहिणारा मुलगा 23 वर्षांचा आहे. शिरोली एमआयडीसीत नोकरी लागून त्याला वर्ष होत आले. त्याचा शाळेपासूनचा मित्र पिकअप घेतो आहे, भाजी आणि दुधाची वाहतूक करणार आहे. कर्ज देणाऱ्यांनी पगारदार जामीनदार मागितला आहे. मुलगा विचारतो, 'सर, माझ्या नावावर एक रुपयाचंही कर्ज नाही. नुसती सही करायची आहे, असं घरचे म्हणतात. माझ्या सिबिलला त्याचं काय होणार?'

होणार. आणि ज्याच्या नावावर एक रुपयाचेही कर्ज नाही, त्याला सगळ्यात जास्त होणार.

मागच्या वेळी आपण सिबिलच्या पत-अहवालातला 'मालकी' हा रकाना पाहिला होता. वैयक्तिक आणि संयुक्त हे दोन प्रकार तिथे आले, तिसरा राहिला होता : गॅरंटर, म्हणजे आपला जामीनदार. बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिलात की ते कर्ज तुमच्या अहवालात येऊन बसते. मंजूर रक्कम तीच, शिल्लक तीच, आणि त्याखाली महिन्यामहिन्याच्या हप्त्यांचे तेच चौकोन. मित्राने हप्ता वेळेत भरला तर त्या महिन्याच्या चौकोनात 000. तीस दिवस थकवला तर 030, आणि तो आकडा त्याच्या अहवालात दिसतो तसाच तुमच्याही. 1 जानेवारी 2025 पासून ही माहिती सिबिलसारख्या कंपन्यांकडे महिन्याला नव्हे, निदान दर पंधरा दिवसांनी जाते. मित्र ऑगस्टच्या पावसात आठ दिवस गाडी बाहेर काढू शकला नाही आणि हप्ता चुकला, तर तुम्हाला कळण्याआधी ते तुमच्या अहवालाला कळलेले असते.

आता या मुलाचा अहवाल कसा असेल, याचा विचार करा. गुणांच्या जागी 'एनएच' किंवा उणे एक, म्हणजे इतिहासच नाही. खाली कोरे पान. त्या कोऱ्या पानावरची पहिली ओळ म्हणून दुसऱ्याचे सहा-सात लाखांचे वाहनकर्ज येणार. ज्याची चार कर्जे फिटलेली आहेत, त्याच्या अहवालात एखादा 030 इतर नोंदींत थोडा तरी झाकला जातो. याच्याकडे झाकायला दुसरे काही नाही.

घरचे 'नुसती सही' म्हणतात, त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या तालुक्यात पिढ्यानपिढ्या पत जामिनावरच चालली. सहकारी पतपुरवठ्याचा पायाच तो आहे. जर्मनीत रायफायझनने खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या पतसंस्था उभ्या केल्या, त्या एकमेकांच्या जबाबदारीवर. मद्रास सरकारने निकल्सन या अधिकाऱ्याला त्या संस्थांचा अभ्यास करायला लावले आणि पुढे 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यात ग्रामीण संस्थांसाठी जबाबदारी अमर्यादित होती, एकाचे बुडाले तर सगळ्यांनी भरायचे. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 1912 मध्ये सहकारी कायदा आणला, 1913 मध्ये कोल्हापूर अर्बन निघाली. या व्यवस्थेवर माझे मनापासून प्रेम आहे. सावकाराच्या दारातून शेतकऱ्याला बाहेर काढले ते तिनेच.

पण ती चालली कशी, हे पाहायला हवे. कर्जदार, जामीनदार आणि संस्थेचा सचिव एकाच गावात राहत. रेडकू विकले, ऊस कारखान्याला गेला, पोरीचे लग्न ठरले, हे सगळे तिघांनाही ठाऊक असे. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी संस्थेतून निघे आणि हप्ता तिथेच कापला जाई. उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज वळते होई. जामीनदाराला सही केल्यावर कर्जदार रोज डोळ्यांसमोर दिसत असे आणि त्याला चार शब्द सुनवण्याचा हक्कही असे. आजचा पिकअपवाला सकाळी मलकापुरात, दुपारी पुण्याच्या वाटेवर. कर्ज देणारे कार्यालय दुसऱ्या शहरात. हप्ता बँक खात्यातून आपोआप कापला जातो आणि खात्यात पैसे नसले की परत जातो. जामीनदाराची नजर कुठेच पोहोचत नाही. जबाबदारी मात्र होती तेवढीच आहे.

ती किती, हे भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 128 मध्ये लिहिले आहे : करारात वेगळे काही ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, उरले तर माझ्याकडे या' असे जामीनदाराला म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या 1960च्या दशकातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आणि आजही त्याचाच आधार घेतला जातो. दोन जामीनदार असले म्हणजे आपल्यावर निम्मेच, असाही एक समज आहे. आपापसांत निम्मे, हे खरे (कलम 146). बँक मात्र सगळे पैसे दोघांपैकी कुणाही एकाकडून मागू शकते. तुम्ही भरलेत तर मित्राकडून ते वसूल करण्याचा हक्क कायदा तुम्हाला देतो. पण ज्याच्याकडून बँकेला वसूल करता आले नाही, त्याच्यावर तुम्हाला दावा लावायचा आहे.

पत्रात एक पुरवणी प्रश्नही आहे : पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलो तर? ते सिबिलला दिसत नाही म्हणतात. बहुतेक वेळा ते खरे असते. बँका आणि वित्त कंपन्यांनी माहिती पाठवायची ती 2005 च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याखाली. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यांची नोंद तिथे दिसेलच असे नाही. म्हणून ती सही हलकी होत नाही. सहकार कायद्याचे कलम 101 आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. निबंधकांकडून वसुलीचा दाखला निघतो, त्यावर कर्जदाराबरोबर जामीनदाराचे नाव असते आणि त्या दाखल्यावर वसुली अधिकारी पगार जप्तीपर्यंत जाऊ शकतो. पगारदार जामीनदार मागतात तो यासाठीच. गावात शंभर जणांकडे जमीन असते, दरमहा ठरल्या तारखेला खात्यावर येणारा पगार मोजक्यांकडे. नोकरी लागल्यावर पेढे वाटून होतात न होतात तोच पहिला जामिनाचा फॉर्म येतो, तो या पगारपत्रकासाठी.

या पतसंस्था-सोसायट्यांच्या बाबतीत मला खरे वाईट वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. या मुलाचे वडील सोसायटीचे नियमित कर्जदार असतील, तर मुदतीत फेडून 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज ते शून्य टक्के व्याजाने वापरत असतील. 2019 च्या कर्जमुक्ती योजनेत नियमित फेडणाऱ्यांना 50,000 रुपयांपर्यंत प्रोत्साहन अनुदान जाहीर झाले. आपल्या जिल्ह्यात त्यासाठी किती जोराची मागणी झाली ते आठवा, कारण इथे नियमित फेडणारेच फार. जिल्हा बँक सोसायटीला देते, सोसायटी सभासदाला. फेडीची ती सगळी शिस्त सोसायटीच्या खतावणीत राहते आणि मुलाच्या उपयोगी पडत नाही. वडिलांची अब्रू वारशाने मिळते, पत-इतिहास मिळत नाही. तो ज्याचा त्याला पहिल्या ओळीपासून लिहावा लागतो. म्हणूनच ती पहिली ओळ दुसऱ्याच्या कर्जाची नसावी, असा माझा आग्रह आहे.

मी बँकेत असताना एक शिक्षक घरकर्जासाठी आले होते. स्वतःचा व्यवहार निष्कलंक, पगार चांगला. अहवाल काढला तर त्यात चुलतभावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला राहिलेला जामीन निघाला. भावाचे हप्ते थकले होते, पुढे एकरकमी तडजोड होऊन खाते बंद झाले होते. भावाला वाटले प्रकरण मिटले. शिक्षकांना यातले काहीच कुणी सांगितले नव्हते. त्यांच्या अहवालात त्या खात्यापुढे 'सेटल्ड' लिहिलेले होते, म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलेले. सूट मिळाली भावाला, शेरा बसला दोघांच्या नावावर. त्यांचे घरकर्ज रखडले. भावाने न भरलेली रक्कम त्यांनी स्वतः भरली, बँकेकडून तसे पत्र घेतले, नोंद बदलून घेतली, तेव्हा कुठे प्रकरण हलले. फाईल घेऊन ते काउंटरसमोर उभे असायचे, ते मला अजून दिसते.

ज्यांनी सही आधीच केली आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये, पण झोपूनही राहू नये. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. चौघींचे एकदम मागवू नका. तीन महिन्यांनी एकेक मागवा, वर्षभर नजर राहील. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत, हे पुन्हा सांगतो, कारण दर आठवड्याला कुणीतरी विचारतेच. नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे. कर्ज फिटले की कर्जदार बेबाकी दाखला घेतो. जामीनदारानेही जामिनातून मुक्त केल्याचे पत्र मागून घ्यावे. बहुतेक जण मागत नाहीत.

सही मागे घेता येते का? गाडीचे कर्ज एकदा दिले गेले की नाही. धंद्याच्या कॅश क्रेडिट (सीसी) खात्यासारखा चालू जामीन असेल तर लेखी कळवून पुढच्या उचलीपुरता तो थांबवता येतो, आधीच्या रकमेची जबाबदारी राहतेच. आणि फॉर्मवरचा रकमेचा रकाना कोरा ठेवून सही करू नका. 'नंतर भरतो' म्हणणाऱ्याला तिथेच, तुमच्यासमोर भरायला सांगा आणि करारनाम्याची प्रत घेऊनच बाहेर पडा.

आता मित्राचे काय? त्याला वाऱ्यावर सोडा, असे मी म्हणत नाही. त्याने आधी बँकेत मुद्रा योजनेखाली अर्ज करावा. तिथे 10 लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय द्यायचे असते आणि त्यामागे सरकारी हमी निधी उभा असतो. तो मराठा समाजातला असेल तर अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. तिथे वेळेवर भरलेल्या हप्त्याचे व्याज परत मिळते, म्हणजे शिस्तीला बक्षीसही आहे. 'आधीचा इतिहास नाही' एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने लोकसभेतही ते सांगितले. शाखेत हे ठामपणे बोलायला हरकत नाही. एवढे करूनही मदत करावीशी वाटली तर गाडीच्या डाउन पेमेंटला, परत आले नाहीत तरी चालतील एवढे पैसे द्या. त्याचे कर्ज तेवढ्याने कमी होईल आणि तुमचे नुकसान किती, हे आज ठरलेले राहील.

मी एकच अपवाद मानतो : सख्ख्या भावंडाचे शिक्षण. तिथेही हप्त्याची तारीख तुमच्या मोबाईलवर लावून ठेवा आणि खाते बघण्याची सोय करून घ्या.

तेव्हा पत्रलेखक मित्रा, माझे उत्तर : या वर्षी ही सही करू नकोस. चौथ्या लेखांकात सांगितले तसे मुदत ठेवीवरचे छोटे कार्ड घे, बसचा पास आणि मोबाईलचे बिल त्यावरून भर, बिलाची पूर्ण रक्कम तारखेच्या आत चुकती कर. वर्षभराने तुझ्या अहवालात तुझ्या स्वतःच्या ओळी असतील. आणि हा लेख मित्राला वाचायला दे. नाही म्हणायला जड जात असेल तर माझ्या नावावर नाही म्हण.

किमान देय रकमेचे पुढच्या आठवड्यात नक्की. ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी गेल्या तीन महिन्यांची बिले काढून ठेवावीत, त्यांवरच हिशेब करायचा आहे.